डायऑक्सिनची चाचणी आठ तासांची, भट्टी वर्षभराची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव आता इस्पितळांचे गाव झाले आहे. खानापूर, बैलहोंगल, चिकोडी, निपाणीचे रुग्ण तर येतातच, शिवाय चंदगड, गडहिंग्लज, आजरा आणि थेट कोकण-गोव्याकडूनही येतात. साहजिकच पिवळ्या पिशव्यांतला, म्हणजे जाळायचा, रुग्णालयीन कचराही इथेच तयार होतो आणि नियमाप्रमाणे ४८ तासांत त्याची विल्हेवाट लावावी लागते. हा कचरा जाळणाऱ्या भट्टीचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की धूर दिसतो म्हणजे त्यात डायऑक्सिन, हे भट्टीत तयार होणारे विष, असणारच. दुसरे असे की चाचणीचा अहवाल आहे म्हणजे डायऑक्सिन नाही. दोन्ही मते चूक आहेत. पहिल्याचा निकाल लवकर लागतो. ओल्या स्क्रबरच्या, म्हणजे पाण्याने धूर धुणाऱ्या यंत्राच्या, धुराड्यावर दिसणारा पांढरा लोट बहुतेक पाण्याची वाफ असते, काळा असेल तर काजळी. डायऑक्सिनची मर्यादा आहे एका घनमीटरात ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा हजार कोटीवा भाग. तो कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही.

दुसऱ्या मताबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण अहवाल इंग्रजीत, फलक कन्नडमध्ये आणि त्यातले एकक कोणत्याच भाषेत न कळणारे, अशी आपल्याकडची स्थिती आहे.

२८ मार्च २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत धुराड्यातील डायऑक्सिन-फ्युरानची मर्यादा ०.१ नॅनोग्रॅम टीईक्यू (विषारीपणाच्या भाराने मोजलेले प्रमाण, खुलासा पुढे) प्रति सामान्य घनमीटर, ११ टक्के ऑक्सिजनच्या पायावर, अशी आहे. नमुना ८ तासांचा किंवा ५ घनमीटर वायूचा, यांतला जो जास्त भरेल तो. इतर वायूंची तपासणी तीन महिन्यांतून एकदा आणि डायऑक्सिनची वर्षातून एकदा. ही मोजणी भट्टी योग्य क्षमतेने चालू असताना करायची असते. वर्षाचे तास ८,७६०. त्यांतले ८ म्हणजे एक हजारांश भागही नाही, आणि तेही भट्टी सर्वांत शहाण्यासारखी वागत असतानाचे. सकाळी पेटवतानाचे दोन तास, रात्री विझवतानाचा तास, वीज गेल्यावरची धांदल, यांतले काहीही त्या अहवालात नसते. बेल्जियममध्ये १९९८ साली एका कचरा भट्टीवर नेहमीच्या सहा तासांच्या चाचणीची तुलना सलग दोन आठवड्यांच्या नमुन्यांशी केली, तेव्हा खरी सरासरी सहा तासांच्या आकड्याच्या ३० ते ५० पट निघाली. तिकडे त्यानंतर पंधरा-पंधरा दिवस सलग नमुना घेणारी यंत्रे धुराड्यांवर बसली. आपल्याकडे ते कधी होईल तेव्हा होवो. तोवर मधला एक मार्ग आहे, तो म्हणजे सूचक संयुगांचा: डायऑक्सिनसोबतच बनणारी पण मोजायला सोपी संयुगे मोजून त्याचा अंदाज घ्यायचा.

डायऑक्सिन हे एका पदार्थाचे नाव नाही. ७५ डायऑक्सिन आणि १३५ फ्युरान मिळून २१० संयुगांचे हे घराणे आहे. त्यांतली २, ३, ७, ८ या जागांवर क्लोरीन असलेली १७ विषारी मानली जातात. सर्वांत जहाल त्याला १ धरून बाकीच्यांना अपूर्णांकात भार देतात, प्रत्येकाचे प्रमाण त्याच्या भाराने गुणून बेरीज करतात, तिला टीईक्यू म्हणतात. ५ घनमीटर वायू ओढला आणि तो बरोबर मर्यादेवर असला, तर हाती लागतो एकूण अर्धा नॅनोग्रॅम टीईक्यू, तोही १७ जणांत वाटलेला. एवढे मोजायला उच्च-विभेदन मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. त्याची किंमत कोटींत असते आणि अशा प्रयोगशाळा देशात मोजक्याच आहेत. तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआरच्या संस्थेत एक आहे. इथून नमुना गाडीत घालून पाठवायचा, नमुन्यातले इतर पदार्थ वेगळे करण्याच्या सफाईलाच काही दिवस लागतात, निकाल येईपर्यंत भट्टीत शेकडो किलो कचरा जळून गेलेला असतो.

आता डायऑक्सिन मुळात होतो कसा ते पाहू, म्हणजे सूचक का चालतात ते कळेल. भट्टीच्या दुसऱ्या कोठीत १०५० अंश (५० कमी-जास्त) आणि २ सेकंद थांबा मिळाला तर जवळजवळ सगळे सेंद्रिय पदार्थ मोडतात. भानगड होते ती वायू थंड होताना. साधारण ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात उडत्या राखेच्या कणांवर उरलेला कार्बन, क्लोरीन आणि तांब्याचे क्षार एकत्र येतात आणि डायऑक्सिन नव्याने जुळतो. सर्वाधिक वेग ३०० अंशांच्या आसपास. म्हणून या टप्प्यात वायू रेंगाळू द्यायचा नाही, पाण्याचा फवारा मारून क्षणात खाली आणायचा. फवाऱ्याचे नोझल बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांनी अर्धे बुजले, तर वर १०५० अंश नीट दिसत असतानाही खाली डायऑक्सिन तयार होत राहतो. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर याचा पत्ता लागत नाही, कारण तिथे बहुधा कोठीचे तापमान मोठ्या अक्षरांत असते आणि फवाऱ्यानंतरचे कुठेतरी कोपऱ्यात.

त्याच राखेवर, त्याच तापमानाला, त्याच तांब्याच्या मदतीने क्लोरोबेंझीनेही बनतात. एक क्लोरीनपासून सहा क्लोरीनपर्यंत अशी ती १२ आहेत. काही तर डायऑक्सिनच्या वाटेवरचे टप्पेच आहेत. महत्त्वाचे हे की त्यांचे प्रमाण डायऑक्सिनच्या टीईक्यूपेक्षा शेकडो-हजारो पट जास्त असते आणि साध्या गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरवर ती मोजता येतात. असे यंत्र विद्यापीठांत आणि औषध कारखान्यांत असते. समजा धुराड्यात हेक्साक्लोरोबेंझीन (सहा क्लोरीनचे) घनमीटरला ५० नॅनोग्रॅम आहे. मिनिटाला ५ लिटरने ४० मिनिटे वायू ओढला की २०० लिटर झाले, त्यात १० नॅनोग्रॅम सापडले. अर्क १०० मायक्रोलिटरवर आणून १ मायक्रोलिटर यंत्रात सोडला तर १०० पिकोग्रॅम जातात. एवढे साध्या यंत्राला निवडक आयन पद्धतीत सहज दिसते. आठ तासांचे काम चाळीस मिनिटांवर येते ते असे.

सूचक म्हणून बरीच नावे पुढे येतात, पण सगळी सारखी उपयोगाची नाहीत. कार्बन मोनॉक्साइड तर प्रत्येक भट्टीवर ऑनलाइन मोजला जातोच, मग तोच का नको? तो ज्वलन बिघडल्याचे लगेच सांगतो, म्हणून हवाच. पण ज्वलन चांगले असले, कार्बन मोनॉक्साइड कमी असला, की त्याचा आणि डायऑक्सिनचा संबंध जवळजवळ तुटतो, कारण डायऑक्सिन पुढे थंड होताना बनतो आहे आणि त्याचा निखाऱ्याशी संबंध उरलेला नाही. ‘कार्बन मोनॉक्साइड कमी म्हणजे डायऑक्सिन कमी’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. बहुचक्रीय हायड्रोकार्बनांचेही तेच, त्यांत क्लोरीनच नाही. क्लोरोफेनॉल दिसायला आदर्श आहेत, डायऑक्सिनचे थेट पूर्वजच. पण आपल्याकडच्या भट्ट्यांवर बहुतेक ठिकाणी कॉस्टिकच्या पाण्याचा स्क्रबर असतो. फेनॉल आम्लधर्मी, कॉस्टिकमध्ये त्याचे क्षार होऊन तो पाण्यात उतरतो, धुराड्यापर्यंत पोचत नाही. मोजाल तर ‘आढळले नाही’ असेच येईल आणि खोटा धीर मिळेल. मोनोक्लोरोबेंझीन जर्मनीत १९९० च्या दशकात लेसरच्या साहाय्याने धुराड्यावरच क्षणाक्षणाला मोजून पाहिले गेले. भट्टीचा मूड ओळखायला ते चांगले. पण त्याचा उत्कलनबिंदू १३२ अंश, म्हणजे फार उडते. बॅग फिल्टरपुढे (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांपुढे) टाकलेल्या सक्रिय कार्बनवर ते फारसे थांबत नाही, डायऑक्सिन मात्र थांबतो. समजा कार्बन टाकणारा फीडर अडकला. डायऑक्सिन भसकन वाढेल, मोनोक्लोरोबेंझीन ढिम्म हलणार नाही. म्हणून धुराड्याच्या तोंडाशी मोजायचे असेल तर जड भावंडे घ्यावीत, पेंटाक्लोरोबेंझीन (पाच क्लोरीनचे) आणि हेक्साक्लोरोबेंझीन. ही दोन्ही स्वतःच टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आहेत. हेक्सा पहिल्यापासून, पेंटा २००९ पासून. भारताने २००६ मध्ये हा करार मान्य केला आहे, तेव्हा ती मोजणे वाया जाणारे काम नाही.

सूचकाच्या आकड्याचे डायऑक्सिनच्या आकड्यात रूपांतर करायला समीकरण लागते, आणि खरी मारामारी तिथे आहे. जपान, जर्मनी, चीन इथल्या भट्ट्यांवर बांधलेली समीकरणे छापलेली मिळतात. ती उचलून इथे लावू नयेत. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच हंड्यातले हवे. तिकडची भट्टी नगरपालिकेचा कचरा रात्रंदिवस जाळते, मागे कोरडा स्क्रबर आणि बॅग फिल्टर. इथली रुग्णालयाचा कचरा पाळीपाळीने जाळते, मागे ओला स्क्रबर. गुणोत्तर दहापट बदलू शकते.

स्वतःचे समीकरण बांधायचे म्हणजे एकाच वेळी, एकाच छिद्रातून डायऑक्सिन आणि सूचक दोन्हींचे जोडनमुने घ्यायचे. सर्वांत स्वस्त युक्ती अशी की डायऑक्सिनसाठी जो अर्क काढला जातो त्याच अर्कात पेंटा आणि हेक्साही असतात. नमुना घेताना संयुगे शोषणाऱ्या रेझिनच्या नळीने ती धरलेली असतात. पण सफाईच्या स्तंभातून येणारा पहिला, हेक्झेन या द्रावकाचा अंश प्रयोगशाळा बहुधा टाकून देते, कारण डायऑक्सिन पुढच्या अंशात येतो. आपले सूचक त्या टाकलेल्या अंशात गेलेले असतात! म्हणून नमुना पाठवतानाच लेखी सांगावे लागते: पहिला अंश राखून ठेवा, सुरुवातीलाच (वाटेत किती वाया गेले ते कळावे म्हणून) कार्बन-१३ चे हेक्साक्लोरोबेंझीन मिसळा आणि अर्क नायट्रोजनखाली कोरडा होईपर्यंत उडवू नका. कोरडा केला की डायऑक्सिन तळाला राहतो, क्लोरोबेंझीन मात्र उडून जाते. जड उकळबिंदूचा थेंबभर द्रावक, नोनेन वगैरे, शेवटपर्यंत ठेवावा लागतो.

जोड किती हव्यात? दोन-तीन जोडींतून सरळ रेषा नेहमीच निघते, तिला अर्थ नसतो. निदान १२ ते १५ हव्यात, आणि सगळ्या चांगल्या दिवसाच्या नकोत. पेटवतानाच्या, पावसाळ्यात ओल्या पिशव्या पडत असतानाच्या, फिल्टर बदलण्याआधीच्या आणि नंतरच्याही हव्यात. सगळे ठिपके एका ठिकाणी गोळा झाले तर रेषा कुठेही वळवता येते. आलेख दोन्ही अक्षांवर लॉगरिदमचा काढावा, कारण आकडे ०.०१ पासून १० पर्यंत पसरतात आणि चूकही टक्क्यांतच होते.

आता त्या रेषेची मर्यादा. समजा लॉग-एककात ठिपक्यांचा विखुरलेपणा ०.३ आला. असा संबंध चांगला म्हणायचा. पण ९५ टक्के खात्रीसाठी त्याची दुप्पट धरली की ०.६, म्हणजे चौपट. समीकरणाने ०.०५ सांगितले तर खरा आकडा ०.०१२ ते ०.२ यांत कुठेही असू शकतो. तेव्हा ‘सूचकाने ०.०८ आले, म्हणून आम्ही मर्यादेत’ असे कोणी म्हणू लागले तर ते मान्य करू नये. सूचकाचा अंदाज कायदेशीर चाचणीची जागा घेऊ शकत नाही. तो धोक्याची घंटा म्हणून वापरावा, आणि घंटेची रेघ ०.०२५ वर ठेवावी, म्हणजे चौपट चूक धरली तरी ०.१ च्या आत. त्यावर गेले की भट्टी तपासायची, दोनदा सलग गेले की खरी चाचणी करायची.

एक बारीक चूक जाणकारही करतात. लॉगच्या रेषेवरून उलट फिरून आलेला आकडा मधला असतो, सरासरी नव्हे. विखुरलेपणा ०.३ असेल तर वर्षाची बेरीज करताना त्या आकड्याला सुमारे १.२७ ने गुणावे लागते. ते विसरले तर वर्षाचे उत्सर्जन सुमारे एकवीस टक्क्यांनी झाकले जाते. आणि आपल्याला हवी आहे ती वर्षाची बेरीजच. माणसाला डायऑक्सिन मुख्यतः अन्नातून पोचतो, प्राण्यांच्या चरबीतून, म्हणजे दूध, लोणी, अंडी, मांस, मासे यांतून, आणि शरीरात त्याचे अर्धे प्रमाण व्हायला ७ ते ११ वर्षे लागतात. इथल्या दुधा-खव्यात डायऑक्सिन आहे असे यातून कोणी वाचू नये, तसे आम्ही म्हणत नाही. पण साठणाऱ्या विषाचा हिशेब एका चांगल्या दिवसाच्या आकड्यावर होत नाही एवढे खरे. साधे उदाहरण घ्या. भट्टी १२ तास चालते, त्यांत १० तास ०.०५ आणि पेटवतानाचे २ तास २ नॅनोग्रॅम. सरासरी येते ०.३७५, मर्यादेच्या जवळजवळ चौपट. त्या १० तासांत घेतलेला अहवाल मात्र ‘मर्यादेच्या निम्मे’ सांगेल. हिवाळ्यात तर पेटवण्याची वेळ आणि बेळगावच्या सकाळच्या धुक्याची वेळ एकच. तेव्हा हवा वर चढत नाही, जे बाहेर पडते ते खालीच फिरते.

टनावारी अंदाजाचाही मार्ग आहे, पण तो फारच ढोबळ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुस्तिकेत रुग्णालयाच्या कचऱ्यासाठी टनामागे ४०,००० मायक्रोग्रॅम टीईक्यूपासून (नियंत्रण नसलेली पाळीची भट्टी) १ मायक्रोग्रॅमपर्यंत (सतत चालणारी, उत्तम शुद्धीकरणाची) चार पायऱ्या दिल्या आहेत. मधल्या दोन ३,००० आणि ५२५. वर्षाला ३०० टन जाळणारी भट्टी तिसऱ्या पायरीवर धरली तर ०.१६ ग्रॅम, दुसऱ्या पायरीवर धरली तर ०.९ ग्रॅम. कोणती पायरी धरायची हे ठरवणार कोण? म्हणूनही स्वतःच्या धुराड्यावरचा सूचक बरा.

नमुना घेताना जे हमखास बिघडते तेही सांगितले पाहिजे. ओला, गरम वायू थेट नळीत ओढला तर नळीत पाणी साचते आणि संयुगे पुढे निसटतात. आधी बर्फात ठेवलेला सापळा हवा आणि नळ्या एकामागे एक दोन. दुसऱ्या नळीत पहिलीच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडले तर तो नमुना बाद. नमुन्याचा दांडा १२० अंशांवर गरम ठेवावा, नाहीतर जड संयुगे दांड्यातच चिकटतात. दांडा धुतलेला द्रावक नमुन्यातच मोजावा लागतो, तो टाकला तर निम्मा डायऑक्सिन बाटलीबाहेर राहू शकतो. कोरी नळी उघडून बंद करून सोबत न्यावी आणि तीही तपासावी. ही कोरी नळी कशासाठी ते डायक्लोरोबेंझीनच्या उदाहरणाने पटेल. कपड्यांच्या कपाटातल्या काही डांबरगोळ्या आणि मुतारीतल्या वासाच्या वड्या म्हणजे पॅरा-डायक्लोरोबेंझीन. कार्यालयाच्या स्वच्छतागृहात वडी, शेजारच्या खोलीत नमुन्याच्या नळ्या, की प्रत्येक नमुन्यात हे संयुग भरभरून. म्हणून १,४-डायक्लोरोबेंझीन सूचकांतून वगळलेलेच बरे.

मग हिशेबाच्या चुका. भट्टीत आणि नळमार्गात जादा हवा शिरली की सगळेच पातळ होते, म्हणून ११ टक्के ऑक्सिजनवर आणायचे: मोजलेला आकडा गुणिले १०, भागिले २१ वजा मोजलेला ऑक्सिजन. ऑक्सिजन १६ टक्के आणि मोजलेले ०.०६ असेल तर खरा आकडा ०.१२, म्हणजे उत्तीर्ण दिसणारा अहवाल अनुत्तीर्ण. अहवालात ऑक्सिजनची ओळच नसेल तर बाकीचे वाचायची गरज नाही. बेळगावची आणखी एक खासियत. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहोत, इथला हवेचा दाब साधारण ९२.५ किलोपास्कल. सामान्य घनमीटर १०१.३ वर मोजतात. दाबाची दुरुस्ती विसरली तर वायूचे आकारमान ९ टक्क्यांनी जास्त आणि प्रदूषण तेवढेच कमी दिसते. किनाऱ्यावरच्या पथकाने सवयीने ७६० मिलिमीटर पारा लिहिला की हे घडतेच. शिवाय टीईक्यूसाठी भाराच्या मुख्यतः दोन याद्या प्रचलित आहेत, जुनी आंतरराष्ट्रीय आणि जागतिक आरोग्य संघटनेची २००५ ची. २,३,४,७,८-पेंटाक्लोरोडायबेंझोफ्युरानला जुन्या यादीत ०.५ भार आहे, २००५ च्या यादीत ०.३. भट्टीच्या धुरात टीईक्यूचा मोठा वाटा बहुधा याच एकट्याचा असतो, तेव्हा यादी बदलली की आकडा आपोआप खाली येतो. समीकरण एका यादीवर आणि चाचणी दुसऱ्या यादीवर असे करू नये. ‘आढळले नाही’ याला शून्य धरले की शोध-मर्यादा (यंत्राला दिसू शकणारे किमान प्रमाण) धरली, हेही लिहिलेले असावे.

काही गोष्टी मात्र कोणताच सूचक सांगणार नाही. वीज गेली, धूर ओढणारा पंखा (आयडी फॅन) थांबला, की आपत्कालीन झडप उघडते आणि वायू स्क्रबरला वळसा घालून थेट बाहेर पडतो. नमुन्याचे छिद्र पुढे धुराड्यावर, तिथे काहीच येत नाही. पावसाळ्यात दिवसातून किती वेळा वीज जाते ते आपण सगळे जाणतो. जनरेटर किती सेकंदांत भार घेतो आणि झडप किती मिनिटे उघडी राहिली, याची नोंद आपोआप होईल अशी स्विचची तार झडपेला जोडणे काही मोठे काम नाही. दुसरे म्हणजे स्क्रबरमधली प्लास्टिकची भरण. ती डायऑक्सिन शोषून ठेवते आणि नंतर गरम झाली की हळूहळू सोडते. वाईट आठवड्यानंतर भट्टी सुधारली तरी धुराड्यावर आकडा चढाच राहतो, हलकी क्लोरोबेंझीने केव्हाच निघून गेलेली असतात आणि जोड बिघडते. जोडनमुने अशा दुरुस्तीनंतर लगेच घेऊ नयेत.

पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लास्टिकबद्दल एकच वाक्य: सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे लाल पिशवीत गेले पाहिजेत, ते ऑटोक्लेव्ह होऊन तुकडे करण्यासाठी आहेत. वॉर्डातली चूक भट्टीवाल्याला मागाहून दुरुस्त करता येत नाही.

जिल्ह्यात हे सुरू करायला नवा कायदा लागत नाही. तीन महिन्यांच्या तपासणीला पथक धुराड्यावर चढतेच, फलाट आणि छिद्र तयारच असते, तेव्हाच सूचकाच्या दोन नळ्या लावून सुरुवात करावी. पुढे मधल्या महिन्यांतही पथक चढवून दर महिन्याला एक नमुना भट्टी पेटवतानाचा आणि एक स्थिर चालू असतानाचा, असे वर्षाला २४ नमुने होतात. त्यांतले पहिल्या वर्षी १२ खऱ्या चाचणीशी जोडावेत. हा खर्च एका केंद्राला जड जाईल हे खरे, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका आणि इस्पितळांनी तो खाटांच्या प्रमाणात वाटून घ्यावा. एकच इस्पितळ-एकच केंद्र असे इथे नाही. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सामाईक केंद्र ७५ किलोमीटर परिघातल्या खाटांसाठी असते, भार वाटला तर एका खाटेमागे फारसा येत नाही. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या राज्याचे मंडळ आहे. दोघांनी भाराची एकच यादी आणि ऑक्सिजनचा एकच पाया वापरला तर सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे शेजारी ठेवून वाचता येतील.

केंद्रांनी वार्षिक अहवाल संकेतस्थळावर ठेवायचा असतोच. त्यात डायऑक्सिनच्या आकड्याशेजारी नमुन्याचे तास, मोजलेला ऑक्सिजन, हवेचा दाब, फवाऱ्यानंतरचे तापमान, त्या दिवशी जाळलेला कचरा किलोंत आणि वर्षभरात आपत्कालीन झडप उघडी राहिल्याची एकूण मिनिटे, एवढे कन्नड आणि मराठीत द्यावे. आणि पुढच्या वार्षिक चाचणीचे पत्र प्रयोगशाळेला जाईल तेव्हा त्यात एवढी ओळ वाढवावी: ‘हेक्झेनचा पहिला अंश टाकू नये; त्यातील पेंटाक्लोरोबेंझीन व हेक्साक्लोरोबेंझीन मोजून कळवावे.’

आपले,
पर्यावरण अभियांत्रिकी व रासायनिक विश्लेषणाच्या क्षेत्रातील काही वाचक,
बेळगाव